पिंप भरणारे हात

1934च्या उन्हाळ्यात ग्लासगोची एक तरुणी आयला बेटावर उतरली. नाव एलिझाबेथ विल्यमसन, पण सगळे तिला बेसी म्हणत. वय तेवीस-चोवीस. पदरी ग्लासगो विद्यापीठाची पदवी आणि हाताला शॉर्टहँड-टायपिंगची सवय. दिवस मंदीचे होते, शिकलेल्या मुलींनाही मनाजोगं काम मिळत नव्हतं. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग नावाचा व्हिस्कीचा कारखाना होता आणि तिथे तीन महिन्यांपुरती टंकलेखिका हवी होती. काम हंगामी होतं. उन्हाळा सरला की गाशा गुंडाळायचा.

बेसीने गाशा गुंडाळला नाही. बरोबर वीस वर्षांनी तो कारखाना तिच्या नावावर झाला.

ही गोष्ट तिची आहे, तशीच तिच्या आधी त्या जागेसाठी झिजलेल्या माणसांचीही आहे. कोकणात आजोबा फणस लावतात आणि गरे नातवाच्या वाट्याला येतात. व्हिस्कीचा धंदा याच जातीचा. आज पिंपात भरलेला माल आठ, दहा, पंधरा वर्षांनी बाहेर येतो, आणि तो उघडायला भरणारा माणूस जागेवर असेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून या धंद्यात आज माल कसा उतरला याच्या इतकाच दुसरा एक प्रश्न मोलाचा असतो: आपल्यामागे हे कोण सांभाळणार?

आधी बेट पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर हेब्रिडीज बेटं विखुरलेली आहेत, त्यांच्या दक्षिण टोकाला आयला आहे. क्षेत्रफळाने ते बृहन्मुंबईपेक्षा जरा मोठं, पण वस्ती तीन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. मुख्य भूमीवरून बोटीने यायला दोन तासांहून अधिक लागतात. समुद्र खवळला की बोट बंद, आणि बेट आपलं आपण. हवा स्वच्छ असली की दक्षिणेला आयर्लंडचा किनारा दिसतो. वारा एवढा की झाडं फार वाढत नाहीत.

झाडं नाहीत म्हणजे सरपण नाही. मग चूल कशावर पेटवायची? उत्तर पायाखालीच होतं. शाळेच्या भूगोलात आपण कोळशाचे प्रकार पाठ केलेले असतात: पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. त्यातलं पहिलं नाव घोकून आपण पुढे जातो. आयलावर तेच पीट शतकानुशतकं घराघरांत जळत आलं. दलदलीतलं शेवाळ, हेदरची झुडपं, गवत हे सगळं पाण्याखाली साचतं, पण हवा न मिळाल्याने पुरतं कुजत नाही. थरावर थर बसत जातो, वर्षाला साधारण मिलिमीटरभर. त्या हिशेबाने हातभर खोल खणलं की आपण शिवकाळाच्याही मागे जाऊन पोचतो. वसंतात लांब दांड्याच्या फाळाने त्याच्या विटा कापायच्या, त्या वाऱ्यावर वाळत घालायच्या, उन्हाळाभर उलथापालथ करून रचून ठेवायच्या. जळताना त्यांचा दाट, निळसर, तिखट धूर होतो. आयलाच्या व्हिस्कीची सगळी ओळख या धुरात आहे.

दारू गाळण्याची विद्या आयर्लंडहून इथे आली असं परंपरा मानते. स्कॉटलंडच्या सरकारी दप्तरात तिचा पहिला उल्लेख 1494चा आहे. जॉन कॉर नावाच्या एका ख्रिस्ती साधूला ती बनवण्यासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दिल्याची ती नोंद. गेलिक भाषेत तिचं नाव ‘जीवनाचं पाणी’ अशा अर्थाचं आहे, आणि ‘व्हिस्की’ हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे सुरुवातीला ती औषधाच्या घरातली होती. आयलावर बीटन घराण्याचे नामांकित वैद्य पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्यामुळे बेटावर या विद्येचं मूळ त्यांच्यापाशी शोधलं जातं. औषधाचं हे नातं लक्षात असू द्यावं, पुढे ते मोठ्या अनपेक्षित रीतीने कामी आलं.

अठराव्या शतकात बेटावर घरोघर भट्ट्या होत्या. सबंध बेटावर अबकारीचा एकही अधिकारी नसल्याने दारू उदंड होते, अशी तक्रार 1790च्या दशकात इथल्या किलडाल्टन भागाच्या पाद्र्याने लेखी नोंदवून ठेवली आहे. नंतर अबकारी आली. जोडीला लपवाछपवी आणि झडत्याही आल्या. अखेर 1823च्या कायद्याने दहा पौंडांचा परवाना आणि झेपेल असा कर लावला, तेव्हा लपून गाळण्यापेक्षा उघड धंदा करणं परवडू लागलं.

लाफ्रॉइगची सुरुवात त्याआधीची, 1815ची मानतात. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी इथे जमीन खंडाने घेतली होती ती गुरांसाठी. गुरांच्या हिवाळी वैरणीसाठी ते बार्ली पिकवत आणि उरलेल्या बार्लीची दारू गाळत. हळूहळू दारूच गुरांपेक्षा जास्त पैसा देऊ लागली. 1836मध्ये डोनाल्डने भावाचा वाटा विकत घेतला. 1847मध्ये तो गेला. कारखान्यातल्याच एका मोठ्या हौदात पडून त्याचा अंत झाला असं सांगतात. मुलगा ड्युगल्ड तेव्हा लहान होता. तो हाताशी येईपर्यंत शेजारच्या लागावूलिन कारखान्याच्या व्यवस्थापकाने लाफ्रॉइगची घडी बसवून ठेवली. शेजारधर्माचं एवढं मोठं उदाहरण ज्या दोन कारखान्यांत घडलं, त्याच दोघांत साठ वर्षांनी हाडवैर पेटावं, हे मनाला लागतं.

झालं असं. लाफ्रॉइगचा बराचसा माल विकण्याची एजन्सी मॅकी कंपनीकडे होती, आणि लागावूलिनही याच कंपनीचं. तिचे प्रमुख पीटर मॅकी म्हणजे ‘व्हाइट हॉर्स’ या गाजलेल्या व्हिस्कीचे मालक, अफाट उरकाचा आणि तापट माणूस. 1907मध्ये जॉन्स्टन घराण्यातला शेवटचा कर्ता पुरुष वारला. मालकी त्याच्या दोन बहिणी आणि एक भाचा यांच्याकडे आली, आणि त्यांनी ही एजन्सी मोडली. मॅकी कोर्टात गेले आणि हरले. रागाच्या भरात त्यांच्या माणसांनी लाफ्रॉइगच्या पाण्याचा ओढा दगड टाकून अडवला. पुन्हा कोर्ट झालं आणि पाणी मोकळं करावं लागलं.

मग मॅकींनी शेवटचा डाव टाकला. विकायला लाफ्रॉइग मिळत नसेल तर आपणच लाफ्रॉइग बनवू! 1908मध्ये लागावूलिनच्या आवारातच त्यांनी ‘माल्ट मिल’ नावाचा छोटा कारखाना उभारला. भट्ट्या लाफ्रॉइगच्या धर्तीवर घडवून घेतल्या, तिथला जाणता माणूस फोडून आणला, बार्ली निव्वळ पीटवर भाजली. दोन्ही जागा एकाच किनाऱ्यावर, पायी जाण्याच्या अंतरावर. तरीही पिंपात उतरली ती दुसरीच व्हिस्की. वाईट नव्हती, पण लाफ्रॉइग नव्हती. माल्ट मिल अर्धशतकाहून जास्त काळ चालून 1960च्या दशकात बंद पडला. त्याच्या जागेत आज लागावूलिन पाहायला येणाऱ्यांचं स्वागत होतं. मॅकींची जिद्द खोटी नव्हती. पण तांब्याची भट्टी हुबेहूब घडवून घेता येते, पाण्याची वाट आणि शंभर वर्षांत मुरलेली हाताची सवय घडवून घेता येत नाही. त्यांच्या हट्टाने हे कायमचं सिद्ध करून ठेवलं.

या भांडणाच्या ऐन धुमाळीत, 1908मध्ये, मालकिणींपैकी एकीचा मुलगा इयन हंटर बेटावर आला. शिक्षणाने इंजिनिअर, विशीतला. पुढची शेहेचाळीस वर्षं त्याने लाफ्रॉइगला वाहिली. जमिनीचा खंडपट्टा संपत आला तेव्हा 1921मध्ये कर्ज काढून जमीनच विकत घेतली. 1923मध्ये भट्ट्या दोनाच्या चार केल्या. पाणी अडवल्याची ठसठस मात्र गेली नाही. कामाच्या पद्धतीबद्दल बाहेर अवाक्षर जाऊ नये यासाठी हंटर डोळ्यांत तेल घालून राहत असे.

त्याच सुमारास अमेरिकेत दारूबंदी आली आणि स्कॉटलंडचे कारखाने धडाधड बंद पडू लागले. 1920 ते 1933 अशी तेरा वर्षं अमेरिकेची बाजारपेठ कायद्याने बंद होती. कायद्यात फट एकच होती: डॉक्टरने चिठ्ठी दिली तर दारू औषध म्हणून मिळे. मुंबई राज्यातल्या 1949च्या दारूबंदी कायद्यानंतरचे आरोग्य-परवाने आणि ‘परमिट रूम’ माहीत असलेल्या आपल्या लोकांना ही तऱ्हा नवी वाटणार नाही. लाफ्रॉइग हुंगली की पहिल्यांदा आठवण होते ती सरकारी दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीची. टिंक्चर आयोडीन, कार्बोलिक, आणि मागून समुद्रकाठच्या शेवाळाचा वास. कारण साधं आहे, पीटच्या धुरातली फिनॉल वर्गातली द्रव्यं जंतुनाशकांच्या कुळातलीच असतात. हंटरने हा माल औषध म्हणून पुढे केला. हा वास घेऊन कुणी मौजेखातर दारू पिईल यावर अमेरिकी अधिकाऱ्यांचा विश्वासच बसला नाही, असा किस्सा आजही सांगितला जातो. वैद्यांच्या घरात जन्मलेली ही विद्या कित्येक शतकांनी पुन्हा औषधाच्या नावावर तगली.

दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत नियम आला की बर्बन व्हिस्की दर वेळी ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवायची. एकदा वापरलेली पिंपं तिथे बिनकामाची झाली. हंटरने ती आणवली. ओकचा व्हॅनिलासारखा गोडवा आणि पीटचा धूर यांचं जमलं. बर्बनची रिकामी पिंपं स्कॉचसाठी वापरण्याची आज जी सर्वत्र रीत आहे, तिच्या पहिल्या पाईकांत हंटरची गणना होते.

अशा या माणसाच्या ऑफिसात बेसी टाइपरायटरपुढे बसली. भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. व्हिस्कीची पहिली निम्मी वाट हीच. बार्ली दोनेक दिवस पाण्यात भिजवायची आणि लांबरुंद फरशीवर पसरायची. दाण्याच्या आत मोड सरकू लागतो, पिठूळ गाभा साखर होण्याच्या तयारीला लागतो, आणि त्या खटपटीत दाणा तापतो. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, लाकडी फावड्यांनी तो उलथावा लागतो. नाही तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि अख्खा थर गोधडीसारखा एकसंध होतो. वारा कुठला आहे ते बघून खिडक्या उघडायच्या आणि लावायच्या. वर्षानुवर्षं हे करणाऱ्यांचा एक खांदा कायमचा उतरत असे. मोड पुरेसा आला की बार्ली जाळीच्या जमिनीवर चढते आणि खाली पीट पेटतं. इथे धग कमी आणि धूर जास्त हवा. ओलसर दाणाच धूर धरतो, वाळून गेलेला धरत नाही. म्हणून आधी कितीतरी तास नुसता धूर, आणि खरं वाळवणं त्यानंतर.

मग दळण. गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढून घ्यायचं. राहिलेला चोथा बेटावरच्या गुरांपुढे जातो. गुरांसाठी पिकवलेल्या बार्लीतून सुरू झालेला हा धंदा गुरांचा वाटा अजून विसरलेला नाही. गोड पाण्यात यीस्ट घातलं की ते फसफसतं आणि बिअरसारखं होतं. ते तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायचं. गोव्यात काजूचा रस एकदा गाळला की हुर्राक आणि पुन्हा गाळला की फेणी, तसाच हा दुहेरी प्रवास.

दुसऱ्या वेळी भट्टीवाल्याची परीक्षा असते. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की अस्सल, जहाल असा अर्थ होतो. इथे पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, आणि मधली तेवढी पिंपासाठी ठेवतात. लाफ्रॉइगमध्ये पहिली धार इतरांपेक्षा जास्त वेळ, सुमारे पाऊण तास, वेगळी जाऊ देतात. फळांचे गोडसर गंध सुरुवातीलाच उतरतात. ते वगळले की धुराला वाट मोकळी होते. हे सगळं एका पितळी काचपेटीत घडतं. पेटीला कुलूप असतं, आणि कित्येक पिढ्या त्याची किल्ली अबकारी अधिकाऱ्याच्या खिशात होती. ज्याने आयुष्यभर दारू गाळली, त्याला ती धार बोटाने चाखायची मुभा नव्हती. काचेआड मोजमाप बघायचं, घड्याळ बघायचं आणि नेमक्या क्षणी मुठीने धार वळवायची.

शेवटी पिंपं समुद्राला लागून असलेल्या गोदामात जातात. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, आणि पलीकडे लाटा. कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिल्याशिवाय स्कॉच हे नाव लागत नाही. लाफ्रॉइगची ओळख झालेली व्हिस्की दहा वर्षं राहते. दर वर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टला हा वाटा उकाड्यामुळे कित्येक पटींनी जास्त द्यावा लागतो. तिच्या धुरकट प्रकारांसाठी पीट मात्र अजूनही स्कॉटलंडहून यावं लागतं.

बेसीने हे सगळं पाहिलं, विचारलं, डोक्यात ठेवलं. ओठांवर कुलूप असलेला हंटर तिच्याशी बोलू लागला, कारण तिच्या कामात चूक नव्हती आणि तिच्या कानावर पडलेलं बाहेर जात नव्हतं. 1938मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि अमेरिकेतला व्यवहार तिने अंगावर घेतला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कारखान्याच्या इमारती दारूगोळा साठवायला घेतल्या. स्फोटकं शेजारी आणि वर्षानुवर्षांचा मुरत पडलेला माल आत, अशा परिस्थितीत तिने जागा सांभाळली. हंटर आता खुर्चीला खिळत चालला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. 1954मध्ये तो वारला तेव्हा कारखान्याची मालकी त्याने बेसीच्या नावे केलेली होती.

मला या मृत्युपत्राचं फार अप्रूप वाटतं. जॉन्स्टन घराण्यात मालकी एकशे चाळीस वर्षं रक्ताच्या नात्याने चालत आली होती. हंटर त्या घराण्याचा शेवटचा. ज्याने शेजाऱ्यावर विश्वास टाकला नाही, बाजारावर टाकला नाही, त्याने सगळं एका टंकलेखिकेच्या हाती दिलं, तेही ज्या धंद्यात बाई मालक म्हणून दिसणं अपूर्वाईचं होतं त्या काळात. तिच्या रक्तात लाफ्रॉइग नव्हतं. पण वीस वर्षांच्या कामाने ते तिच्यात मुरलं होतं. वारसा घराण्यातच राहतो ही आपली समजूत आपल्या कारागिरीलाही नडली आहे. बापानंतर मुलगा नाही बसला की माग बंद, चाक बंद. हंटरने मुलगा शोधला नाही, ज्याला काम कळलं तो माणूस शोधला.

बेसीने दार उघडं केलं. जी माहिती हंटर लपवत होता, तिच्याबद्दल बेसी मोकळेपणाने बोलू लागली. माल्ट मिलनंतर लपवण्यासारखं तसं काही उरलंही नव्हतं. आयलाच्या व्हिस्कीचं रहस्य आयलाच आहे, हे मॅकींनी स्वतःच्या खर्चाने दाखवून दिलं होतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉच व्हिस्कीच्या व्यापारी संघटनेची प्रतिनिधी म्हणून ती अमेरिकाभर फिरली. तेव्हा आयलाची व्हिस्की बहुतेक इतर व्हिस्कींबरोबरच्या मिश्रणांत नाव न लागता जात असे. ती आपल्या नावाने प्यायली जावी हा तिचा ध्यास होता. 1961मध्ये तिने विशार्ट कॅम्पबेल या कॅनेडियन गायकाशी लग्न केलं. बेटावरच्या अडल्यानडल्याला तिचा हात असे.

पण इमारती म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि डागडुजीला भांडवल लागत होतं. 1962पासून तिने कंपनीचे हिस्से टप्प्याटप्प्याने एका मोठ्या उद्योगसमूहाला विकले, स्वतः कारभार पाहत राहिली आणि 1972मध्ये अखेरचा हिस्सा देऊन बाजूला झाली. हातातलं सोडायचं कधी, हेही सांभाळण्यातच येतं. पुढे मालक बदलत गेले, आज कारखाना एका जपानी समूहाकडे आहे. पण भट्ट्या सात झाल्या तरी फरशीवरची बार्ली अजून माणसं उलथतात. लागणाऱ्या माल्टपैकी थोडाच वाटा आता तिथे होतो, बाकीचा शेजारच्या पोर्ट एलनहून येतो. फावडं मात्र खाली ठेवलेलं नाही.

एक साधा हिशेब करून बघावा. 1954मध्ये हंटर गेला, तेव्हा त्याच्या देखरेखीखाली भरलेली पिंपं गोदामात मुरत होती. त्या वर्षी भरलेला माल दहा वर्षांचा झाला तो 1964मध्ये, आणि तो बाटलीत गेला बेसीच्या हातून. 1972मध्ये, तिच्या अखेरच्या वर्षात भरलेली पिंपं दहा वर्षांची झाली ती 1982मध्ये. त्याच वर्षी बेसी गेली. तिच्या हाताखाली भरलेल्या शेवटच्या पिंपांची झाकणं दुसऱ्याच कुणी उघडली, आणि धुराचा तोच वास गोदामात पसरला.